चौकोनी तुकड्यांची गोधडी: कापड पारखण्यापासून गोट लावण्यापर्यंत

तुकडे जोडून शिवलेली गोधडी अंथरली की बऱ्याचदा तीन दोष दिसतात. कडा लाटांसारख्या उचललेल्या असतात, चौकोनांचे कोपरे एकमेकांना चुकलेले असतात आणि दोनचार धुण्यांत एखादी शिवण उघडते. आपल्या हाताला वळणच नाही, असं समजून अनेकजणी पहिल्या गोधडीवरच थांबतात. कारणं खरं तर साधी असतात. कापड न पारखता घेतलेलं असतं, कापताना धागा पाहिलेला नसतो आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड, दर ठिकाणी वेगळी पडलेली असते. या तीन गोष्टी सांभाळल्या तर पहिली गोधडीही सरळ आणि टिकाऊ होते. शिवण सुधारण्यासाठी याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही. ब्लाउजमध्ये एक शिवण एकदाच येते. गोधडीत तीच सरळ शिवण इतक्या वेळा येते की हात आपोआप बसतो.

इथे एकेरी पलंगाची गोधडी घेऊ. तयार माप 60 × 90 इंच. मध्ये 6 इंची चौकोन, आडवे 8 आणि उभे 13, म्हणजे एकूण 104. त्यांचा भाग 48 × 78 इंच होतो. भोवती 6 इंचांची चौकट, त्यासाठी साडीचा काठ सुंदर दिसतो. बाळासाठी लहान करायची असेल तर 6 × 8 चौकोन घ्या, चौकट वगळा. 36 × 48 इंचांचं माप पुरेसं होतं. रीत तीच.

कापड पारखणं

जुनी साडी सगळीकडे सारखी विरलेली नसते. बसण्याची जागा, गुडघ्यांचा भाग आणि पायाशी घासणारी खालची कड आधी जाते. निऱ्यांच्या आतला भाग आणि पदर बहुतेक वेळा घट्ट असतो. साडी उजेडासमोर धरा. जिथे जाळीसारखं दिसतं तिथे दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून पाहा. धागे सरकले किंवा बारीक ‘तर्र’ आवाज आला, तर तो भाग वरच्या तुकड्यांसाठी घेऊ नका. आतल्या थरात तो चालतो, कारण तिथे त्याच्यावर घासणी पडत नाही. आवडत्या साडीचा विरलेला तुकडा वर लावायचाच असेल, तर त्याच्या मागे त्याच मापाचं मलमल ठेवून दोन्ही एकत्र कापा आणि एकच कापड समजून शिवा.

पहिल्या गोधडीला सुतीच कापड घ्या. होजिअरी ताणली जाते, जॉर्जेट मशिनखाली सरकतं, आणि जुनं रेशीम घडीवर चिरतं. खण दिसायला देखणा, पण त्याच्या कडा फार सुटतात. वापरायचा असेल तर माया पाव इंचाऐवजी अर्धा इंच ठेवावी लागते आणि सगळं गणित बदलतं. तो पुढच्या गोधडीसाठी राखा.

नवं कापड असेल तर कापण्याआधी धुवाच. सुती कापड आटतं, आणि जुनं आटलेलं व नवं न आटलेलं एकाच गोधडीत आलं की पहिल्या धुण्यात नव्या तुकड्यांभोवती सुरकुत्या पडतात. लाल, गडद निळा आणि काळा रंग वेगळा तपासा. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि वरून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उतरला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तरीही उतरत असेल तर बाजूला काढा. एका तुकड्याने बाकी एकशेतीन डागाळतात.

जुनं कापड मऊ आणि लुळं असतं. असं कापड नेमकं कापता येत नाही, आणि माप चुकण्याची सुरुवात इथूनच होते. त्याला खळ द्या. भाताची पेज किंवा साबुदाण्याची पातळ खळ गाळून घ्या, कापड त्यात बुडवून पिळा, सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. कापड कागदासारखं ताठ होतं आणि चौकोनाची कड हलत नाही. गोधडी पूर्ण झाल्यावर ही खळ धुऊन काढायची, नाहीतर झुरळं येतात.

धागा पाहून कापणं

उभा धागा जवळजवळ ताणला जात नाही, आडवा थोडा सुटतो आणि तिरपं कापड बरंच ताणलं जातं. हे हाताने ओढून पाहा, लगेच कळतं. चौकोनाच्या कडा उभ्या-आडव्या धाग्याला समांतर असल्या पाहिजेत. नजरेने कापलेल्या तुकड्याची एखादी कड थोडी तिरपी जाते, ती मशिनखाली ताणली जाते, आणि पुढे गोधडीच्या कडेला लाट उठते. धाग्याची दिशा कळत नसेल तर कापडाच्या टोकाला छोटा छेद देऊन एक आडवा धागा ओढून काढा; त्या रेघेवर कापा.

माया दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच, म्हणून चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा. साचा पुठ्ठ्याचा करू नका. दहाबारा वेळा खडू फिरला की त्याच्या कडा झिजतात आणि शेवटचे चौकोन लहान येतात. सनमायकाचा तुकडा किंवा जुन्या एक्स-रेची फिल्म उत्तम. फिल्ममधून खालचं नक्षीकाम दिसतं, त्यामुळे फूल नेमकं मध्ये आणता येतं. चाकाचं कटर, ॲक्रिलिकची पट्टी आणि खाली ठेवायची मॅट घेतली तर काम झपाट्याने होतं, पण चांगली धारदार कात्री पुरते. ती कात्री कागदाला लावू नका.

सगळं नवं कापड घेणार असाल तर 44 इंच पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, एका रांगेत 6 चौकोन निघतात. 104 चौकोनांना 18 रांगा, म्हणजे सव्वातीन मीटर धरा. त्यात निम्मे गडद आणि निम्मे फिके, 52-52.

गडद-फिक्याची निवड रंगाच्या निवडीपेक्षा महत्त्वाची असते. हिरवा आणि लाल वेगळे दिसतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून सगळं एकसारखं भासतं आणि नक्षी हरवते. चौकोन जमिनीवर मांडा, फोनवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत जे तुकडे शेजारच्यात मिसळून जातात ते हलवा. मांडणी पक्की झाली की प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्यावर चिठ्ठी टाचून क्रमांक लिहा आणि ओळ डावीकडून उजवीकडे गोळा करा.

पाव इंचाची माया

पूर्ण कामाचा कणा हाच, म्हणून इथे घाई नको. समजा माया अर्धं सूत, म्हणजे एक इंचाचा सोळावा भाग, जास्त पडली. एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी. ओळ 7 सूत, म्हणजे जवळजवळ एक इंच आखूड. तेरा ओळी जोडताना बारा शिवणींत दीड इंच जातो. प्रत्येक शिवण पाहिली तर चूक डोळ्याला दिसतही नाही. एक ओळ अशी आणि दुसरी बरोबर आली की कोपरे जुळणं अशक्य होतं.

त्यासाठी मशिनवर खूण करा. आलेखाच्या कागदावर कडेपासून पाव इंचाची रेघ आखा, सुई हाताने फिरवून त्या रेघेवर उतरवा, दाबपट्टी टेकवा. कागदाच्या कडेला लागून मशिनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे तीनचार थर लावा. आता कापडाची कड या पट्टीला टेकून सरकेल. नजर सुईवर ठेवू नका, पट्टीवर ठेवा. सुई तिचं काम करते.

मग परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून शेजारीशेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच आली पाहिजे. कमी आली तर माया जास्त पडते आहे, चिकटपट्टी सुईकडे सरकवा. जास्त आली तर उलट. मधली पट्टी नेमकी एक इंच येईपर्यंत चौकोनांना हात लावू नका.

मशिनची बाकी तयारी थोडक्यात. नवी सुई लावा, साध्या सुतीला 14 नंबर. टाका अडीच मिलिमीटरचा. रीळ सुती दोऱ्याचं, वर आणि बॉबिनमध्ये एकच. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण सैल करा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडत असतील तर आधी वरचा दोरा नीट ओवला आहे ना ते पाहा, मग ताण घट्ट करा. शटलखालचा कापूस ब्रशने काढून तेल द्या आणि पहिला हात एखाद्या चिंधीवर चालवा, म्हणजे तेलाचा डाग तिच्यावर जाईल.

जोडणी आणि इस्त्री

दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून शिवा, दोरा न तोडता लगेच पुढची जोडी सुईखाली सरकवा. जोड्यांची माळ तयार होते. दोरा वाचतो, सुरुवातीला कापड आत ओढलं जात नाही आणि एका लयीत शिवल्यामुळे माया सारखी पडते. माळ कापून दोन-दोन जोड्या एका रेषेत जोडून चौकड्या करा, मग चौकड्यांची ओळ.

प्रत्येक टप्प्यावर इस्त्री करा, पण कपड्यावर फिरवतो तशी फिरवू नका. उचलायची, ठेवायची, दाबायची. घासून फिरवली की तुकडा ताणतो आणि चौकोनाचा समांतरभुज होतो. आधी बंद शिवणीवर इस्त्री ठेवून टाके बसवा, मग माया एका बाजूला पाडा. पहिल्या ओळीतल्या सगळ्या माया उजवीकडे, दुसरीतल्या डावीकडे, असं आलटूनपालटून. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की उलट दिशेच्या माया परस्परांत अडकून बसतात. बोटाने चाचपलं तर तो सांधा जाणवतो. तिथे टाचणी लावा आणि टाचणीपर्यंत येईतो शिवा. तिच्यावरून सुई नेऊ नका.

एखादी ओळ किंचित लांब असेल तर ती खालच्या बाजूला ठेवा. मशिनचे दाते खालचं कापड थोडं जास्त ओढून घेतात, त्यामुळे लांबी आपोआप सामावली जाते. फरक दोन सुतांपेक्षा जास्त असेल तर मात्र उसवा. उसवण्याचीही रीत असते. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. अख्खा निघतो आणि कापडाला भोक पडत नाही. दोन बाजूंना कापड ओढून उसवलं तर कडा तिरप्या होतात आणि तो चौकोन पुन्हा नीट बसत नाही.

ओळी एकेक जोडत गेल्यास शेवटी भला मोठा भार मशिनवर ओढावा लागतो. दोन-दोन ओळी जोडा, मग चार-चार.

आता चौकट. इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात: काठाची लांब पट्टी कडेला लावत शिवत जातात आणि उरलेली कापतात. कड आधीच किंचित ताणलेली असते, त्यात पट्टीही ताणली जाते. त्याऐवजी जोडलेलं कापड सपाट पसरून त्याची लांबी मध्यावर मोजा. 78.5 इंच यायला हवी, तुमची 78 आली तर तीच खरी धरा. त्या मापाच्या, साडेसहा इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. पट्टीचा आणि कडेचा मध्य, मग पाव लांबीवरच्या जागा, मग टोकं टाचून शिवा. नंतर रुंदी मध्यावर मोजून वरच्या-खालच्या पट्ट्या. काठाला जरीचं काम असेल तर वरून सुती फडकं ठेवून मंद इस्त्री करा. नकली जर उष्णतेने आकसते.

चौकोनांवर हात बसला की काही चौकोनांच्या जागी त्रिकोण आणता येतात. त्रिकोण कापून जोडले की तिरपी कड ताणतेच, म्हणून आधी शिवायचं आणि मग कापायचं. एक गडद, एक फिका असे 7 इंची चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवा आणि रेघेवर कापा. दोन रंगांचे दोन चौकोन मिळतात. ते साडेसहा इंचांना छाटून घ्या. छाटताना पट्टीची कर्णरेषा शिवणीवर ठेवा.

पाठ आणि आतले थर

पाठीचं कापड आणि आतले थर वरच्यापेक्षा प्रत्येक बाजूने दोन इंच मोठे हवेत, म्हणजे 64 × 94 इंच. साडेपाच मीटरच्या साडीतून, फॉल काढल्यावर, 94 इंचांच्या दोन लांब्या निघतात. एक पूर्ण पन्हा मध्ये ठेवा. दुसरी लांबी उभी दुभागून तिच्यातून 11 इंचांची एकेक पट्टी दोन्ही बाजूंना जोडा, माया अर्धा इंच. गोधडी रोज मध्यावर दुमडते, तिथे शिवण नसली तर पाठ जास्त टिकते. उरलेल्या पट्ट्यांतून गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, निघतो, तो पुढे. या कामाला न विरलेली साडी घ्या. पाठीला सगळ्यांत जास्त घासणी असते.

आतल्या थरांसाठी नऊवारी लुगडं अगदी नेमकं बसतं. 94 इंचांच्या तीन लांब्या घ्या. पहिल्या दोन अख्ख्या, तिसरी उभी दुभागून एकेक अर्धा त्यांच्या शेजारी. एका लुगड्यात दोन थर होतात. जोड शिवू नका, कडा शेजारी टेकवून ढिल्या टाक्यांनी धरा, म्हणजे आत वळ उठत नाही. पहिल्या थराचा जोड उजवीकडे आला तर दुसऱ्याचा डावीकडे घ्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या पावसाळ्याला आणि सौम्य थंडीला हे दोन थर पुरतात. जास्त ऊब हवी असेल तर धोतराचा तिसरा थर घाला, पण चौथ्यानंतर हाताने धावदोरा घालणं जड जातं.

जमीन पुसून पाठ उलटी बाजू वर करून पसरा. कडा चिकटपट्टीने जमिनीला लावा. सुरकुती नको, ताणही नको. कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे जड असेल ते ठेवा. त्यावर आतले थर, प्रत्येक थर मधून बाहेर हाताने सारवत. सर्वांत वर जोडलेलं कापड. आता वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके, मध्यापासून चारी दिशांना, चार-चार इंचांवर जाळी होईल असे. या कामाला एक पूर्ण दुपार जाते. ती द्या, कारण नंतर थर सरकला तर दुरुस्ती नाही.

धावदोरा

दोरा जाड सुती, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा थोडाच मोठा. लांब दोरा वारंवार कापडातून जाऊन झिजतो आणि गुंततो. मेणावरून एकदा ओढून घ्या. गाठ छोटी मारा, वरच्या थरातून सुई घालून हलका झटका द्या, गाठ आत जाऊन अडकते. मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी), दुसरा हात गोधडीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की लगेच वर घ्या, तीनचार टाके सुईवर भरा आणि मग ओढा. टाका किती बारीक, याची चिंता आधी करू नका. इंचात चार आले तरी चालतील, पण वरचा टाका आणि मधली मोकळी जागा सारखी असू द्या. पाठ अधूनमधून उलटून पाहा. तिथे टाके सुटत असतील तर सुई जास्त तिरपी धरली जाते आहे, सरळ खाली न्या.

रांगा कुठून सुरू करायच्या? सरळ समांतर रांगा घालत असाल तर मध्यापासून. सुई पुढे जाताना कापडाचा थोडा फुगवटा पुढे ढकलते, आणि मध्यापासून निघालं की तो कडेने बाहेर पडतो. आपल्याकडच्या कित्येक गोधड्यांत मात्र दोरा कडेने सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत जातो. दिसायला फार सुंदर, पण फुगवटा मध्ये कोंडतो, म्हणून कच्चे टाके दाट असतील तेव्हाच हे करा. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कडेने आत शिवतात, आणि त्यांची युक्ती शिकण्यासारखी आहे. त्या वरचं कापड आधी जोडतच नाहीत. पुढे सरकत एकेक तुकडा कड दुमडून ठेवतात आणि त्याच धावदोऱ्याने सगळे थर एकत्र पकडतात. वरचं कापड तुकड्यातुकड्याने येत असल्यामुळे त्याचा फुगवटा साचतच नाही. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावल्याखेरीज कवंदी पुरी मानत नाहीत.

मशिनवर थर शिवायचे असतील तर 16 नंबरची सुई, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, दाबपट्टीचा दाब कमी, आणि मिळाला तर वॉकिंग फूट, म्हणजे एक खास दाबपट्टी. तो वरचं कापडही खालच्याइतकंच पुढे नेतो. सगळ्या रांगा एकाच दिशेने शिवा. एक वरून आणि शेजारची खालून शिवली तर दोन रांगांमध्ये तिरप्या चुण्या पडतात.

गोट

कच्चे टाके उसवा आणि चारी बाजू पट्टीने सरळ कापा. परीघ 300 इंच, जोड आणि कोपरे धरून 312 इंचांचा गोट लागतो. पाठीच्या साडीतून उरलेल्या पट्ट्यांतून अडीच इंच रुंद, 94 इंच लांब अशा चार पट्ट्या काढा. सरळ कडांना उभ्या धाग्याचा गोट चालतो, उरेब (तिरपी कापलेली) पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना लागते. पट्ट्या तिरप्या जोडा, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साचत नाही. लांबीत दुहेरी दुमडून इस्त्री करा.

गोटाच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून सुलट बाजूने पाव इंचावर शिवा. सुरुवात कोपऱ्यात करू नका आणि पट्टीचं पहिलं वीतभर टोक मोकळं सोडा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून टाके पक्के करा. पट्टी वरच्या दिशेला 45 अंशात दुमडा, मग त्याच घडीवरून सरळ खाली आणा आणि नवी बाजू वरून शिवायला घ्या. उलटवल्यावर कोपरा आपोआप नेमका पडतो. शेवटी दोन टोकं तिरपी जोडून उरलेली कड शिवा, गोट पाठीवर वळवा आणि शिवणीची रेघ झाकेल असा हाताने हेम करा. मशिनने गोट लवकर होतो, पण पाठीवर टाका घसरतो. एवढं काम झाल्यावर ही शेवटची फेरी हाताने केलेलीच बरी.

पहिलं धुणं

खळ काढण्यासाठी गोधडी मोठ्या टबात थंड पाण्यात तासभर ठेवा, सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी वापरा. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी जड होते आणि एकाच दोरीवर टांगली की मध्यभागी टाके ओढले जातात, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळवा. उलटी बाजू वर ठेवा. वाळल्यावर सगळे सांधे बोटाने चाचपून पाहा, उघडलेली शिवण त्याच दिवशी हाताने पक्की करा. ठेवताना दर खेपेला घडी वेगळ्या रेघेवर पाडा.